परवान्याने माणूस तपासला, हात तपासायचा राहूनच गेला

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात शेती संरक्षणाची बंदूक आहे किंवा होती, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या वर्षी बाबांचा बंदुकीचा परवाना माझ्या नावावर करायला अर्ज भरला. ही गोष्ट चार मित्रांना सांगितली तर पहिला प्रश्न आला, "कोणाला उडवायचा विचार आहे?" पिस्तूल कमरेला लावून फिरणारा पुढारीच लोकांच्या डोळ्यांसमोर येतो. आमची बंदूक तसली नाही. कणकवली तालुक्यातल्या आमच्या घराच्या माजघरात खुंटीला असते ती ठासणीची, केपाची. नळीत वरून दारू घालायची, गजाने ठासायची, छरे घालायचे, परत ठासायची. एक बार काढला की दुसऱ्यासाठी दोन-तीन मिनिटं जातात. भाताच्या खाचरात डुकरं शिरली की आवाज काढायचा, एवढंच तिचं काम.

बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. २०१६ च्या नियमांत एक सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा त्याच्याकडे बंदूक असून २५ वर्षं झाली, की त्याच्या हयातीतच वारस परवाना मागू शकतो. बाबा दोन्हीत बसतात. त्यांचा परवाना १९७४ चा. त्यावर शिक्का रत्नागिरी जिल्ह्याचा, कारण आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झालाच मुळी १९८१ ला.

कागदांची यादी हातात आली. त्यात एक ओळ होती, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. ती ओळ बाबांना वाचून दाखवली. चष्मा काढून ते म्हणाले, "माका पन्नास वर्सांत कोणी असला काय विचारूक नाय."

खरंच विचारलं नव्हतं. तलाठ्याचा दाखला, सातबारा, पोलिसांची चौकशी, दोन प्रतिष्ठितांच्या सह्या, सगळं विचारलं होतं. बंदूक भरता येते का, रिकामी आहे हे ओळखता येतं का, हे मात्र कोणीच नाही. का नाही विचारलं, हे शोधायला बसलो आणि दीडशे वर्षं मागे गेलो. त्याचीच ही गोष्ट.

भीतीतून जन्मलेला कागद

१८५७ नंतर इंग्रजांना एक गोष्ट पक्की कळली. या देशात घराघरांत हत्यारं आहेत आणि ती कोणाच्या हातात आहेत याची सरकारला नीट माहिती नाही. मग गावंच्या गावं नि:शस्त्र करायचं काम सुरू झालं. १८६० चा एक कायदा आला. पण देशभर घट्ट बसलेला कायदा १८७८ चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. याच लिटनने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. एकाच वर्षी लेखणी आणि बंदूक, दोन्हींवर कुलूप. पुढे लॉर्ड रिपनच्या काळात वर्तमानपत्रांचा कायदा मागे घेतला गेला. हत्यारांचा तसाच राहिला.

या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरला. पण सगळ्यांना नव्हे. युरोपीय लोकांना सूट होती. संस्थानिक, मोठे सरदार, किताबवाले यांनाही सवलती होत्या. म्हणजे गोरा साहेब बंदूक खांद्यावर टाकून शिकारीला जाणार, आणि त्याच रानाच्या कडेला ज्याचं शेत डुकरांनी उपसलं त्या कुळाने साहेबाच्याच कचेरीत अर्ज करायचा.

कुर्गची गोष्ट तर आणखी बोलकी. तिथल्या कोडव लोकांना इंग्रजांनी १८६१ पासून हत्यारांच्या कायद्यातून मोकळं ठेवलं, कारण ते इंग्रजांशी निष्ठेने वागले होते. ती सवलत आजही चालू आहे. २०१९ ला केंद्र सरकारने ती आणखी १० वर्षांनी वाढवली. कोडवांच्या घरात बंदुकीला पूजेचं स्थान आहे, त्यामुळे सवलतीबद्दल माझी तक्रार नाही. मुद्दा एवढाच की मूळ कसोटी काय होती ते बघा. तू भरवशाचा आहेस की नाहीस? सरकारच्या बाजूचा आहेस की नाहीस?

परवान्याच्या कागदाचा जन्म असा झाला. बंदूक नीट वापरली जावी म्हणून तो निघाला नव्हता. ती चुकीच्या माणसाकडे, म्हणजे सरकारविरुद्ध उठेल अशा माणसाकडे जाऊ नये म्हणून निघाला होता. त्यामुळे त्याने माणसाचं घराणं, वजन, वागणूक तपासली. हात तपासायचं त्याला काही कारणच नव्हतं. आपल्याच बंदुकीने एखादा नेटिव्ह शेतकरी जखमी झाला तर कलकत्त्याच्या सरकारला काय फरक पडत होता?

आणि ज्यांच्यासाठी कायदा केला ते थांबले का? कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९ ला, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून बंड उभारलं. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल थेट लंडनहून लपवून आणलेलं होतं. ज्याला आणायचं होतं त्याने सात समुद्रापलीकडून आणलं. अडकला तो खाचर राखणारा.

अपमानाची जाणीव

हा कायदा अपमानकारक आहे हे आपल्या लोकांना लवकर कळलं. १८८७ ला मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन झालं. त्यातच हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव झाला. लोक राजनिष्ठ असताना त्यांच्यावर हा अविश्वासाचा डाग का, असा त्याचा सूर होता.

गांधीजींचं नाव इथे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. १९१८ ला खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांनी पत्रक काढलं. इंग्रजी राज्याच्या कृष्णकृत्यांत सबंध राष्ट्राचं शस्त्र हिरावून घेणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, असा त्यातला आशय. अहिंसेचा माणूस हे म्हणत होता, कारण त्यांच्या लेखी ज्याच्या हातात शस्त्र धरायची मुभाच नाही, त्याने शस्त्र टाकलं याला अर्थ नव्हता.

१९३१ ला कराचीला वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात भाषणस्वातंत्र्य, संघटनेचं स्वातंत्र्य यांच्या यादीतच नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. म्हणजे स्वतंत्र भारतात हा हक्क मिळणार, असं वचनच लोकांना दिलेलं होतं म्हणा ना.

मग ते वचन गेलं कुठे?

डिसेंबर १९४८

घटना समितीत मूलभूत हक्कांच्या कलमावर चर्चा चालू होती. हरि विष्णु कामत उठले. आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला हा माणूस. त्यांनी दुरुस्ती मांडली की नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क या यादीत घाला. आधार कराचीच्या ठरावाचा. इतकी वर्षं आपणच हे मागत होतो, आता सत्ता आपली आली तर मागे का सरायचं?

उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलं. त्यांचा सूर साधारण असा होता. काँग्रेसने ही मागणी केली तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. परकं सरकार गुलाम प्रजेला शस्त्र नाकारत होतं, म्हणून ती मागणी योग्य होती. आता राज्य आपलं आहे. हक्कापेक्षा शस्त्र धरण्याचं कर्तव्य हा भाग महत्त्वाचा. आणि वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावं असं झालं तर कोणतंही राज्य चालवणं अशक्य होईल. दुरुस्ती फेटाळली गेली.

मला विचाराल तर मी आंबेडकरांच्या बाजूचा. १९४८ साल डोळ्यांसमोर आणा. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या, गांधीजींचा खून पिस्तुलानेच झाला होता आणि त्याला वर्षही उलटलं नव्हतं. त्या वेळी बंदूक हा मूलभूत हक्क करणं वेडेपणा ठरला असता. आजही माझं मत तेच आहे.

पण त्या निर्णयाची दुसरी बाजू अशी. बंदूक हक्क नाही म्हटल्यावर ती काय राहिली? सरकारची परवानगी. आणि परवानगी द्यायची पद्धत मात्र १८७८ चीच, कारण तो कायदा स्वातंत्र्यानंतरही बारा-पंधरा वर्षं तसाच चालू होता.

१९५९: शेतकऱ्याचं कलम

१९५९ ला नवा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. विधेयकासोबतच्या निवेदनात सरकारने स्वतः कबूल केलं की जुना कायदा सबंध राष्ट्राला नि:शस्त्र करण्यासाठी होता, आणि त्याचा जाच कायदा पाळणाऱ्या नागरिकालाच होतो.

या कायद्याचं कलम १३ आमच्यासारख्यांच्या कामाचं. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा असं त्यात आहे. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर काडतुसाचीही देता येते. बाकीच्यांना सबळ कारण दाखवावं लागतं, शेतकऱ्याला त्याचं पीक हेच कारण. कायद्यात शेतकऱ्याला एवढी मोकळी जागा क्वचितच मिळते. कोकणात डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर ज्या बंदुका आज दिसतात, त्यांतल्या कितीतरी या कलमाच्या आहेत. बाबांची त्यातलीच एक.

कागद लोकांच्या जवळ आला, हे खरं. पण तपासणी तीच राहिली. वर्तणूक कशी, गुन्हा आहे का, गावात भांडण आहे का. सगळं बरोबर, ते बघायलाच पाहिजे. पण देशभर लागू असलेल्या १९६२ च्या नियमांत सामान्य अर्जदाराला प्रशिक्षणाची अट नव्हती. घरातलं कोणीतरी शिकवेल हे गृहीत धरलं होतं.

घरातल्यांनी काय शिकवलं ते सांगतो.

१९८६ चं साल, भातकापणीच्या आधीचे दिवस. मी १३ वर्षांचा. बाबा रात्री राखणीला जायचे आणि पहाटे येऊन बंदूक खुंटीला लावून झोपायचे. त्या रात्री डुकरं आलीच नव्हती, त्यामुळे बार काढायची वेळ आली नाही. नळीत दारू-छरे तसेच. केप काढलेला होता, म्हणून बाबांच्या हिशेबी बंदूक निर्धोक. सकाळी मी ती खाली काढली. बाबांना बघून बघून सगळं येत होतं मला. डबीतला केप काढला, बसवला. रिकाम्या बंदुकीवर केप फोडला की नुसता फटाक्यासारखा आवाज होतो, तो ताईला ऐकवायचा होता. ताई चुलीपाशी बसलेली. मी नळी वर केली आणि चाप ओढला.

घर धुराने भरलं. कौलाचे तुकडे ताईच्या केसांत पडले. छरे तिच्या डोक्याच्या हातभर वरून कौलात गेले. त्या दिवशी नळी वर केली होती ती विचार करून नव्हे. बंदूक जड होती म्हणून पट्टा खांद्याला अडकला आणि नळी वर राहिली. बस्स, एवढ्यावर ताई वाचली.

बाबांनी मला मारलं नाही. ते अंगणात जाऊन बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कौल बदललं, पण वाशाला छऱ्यांची भोकं अजून आहेत. ही गोष्ट आम्ही बाहेर कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर परवाना गेला असता. आज ३९ वर्षांनी इथे लिहितोय, बाबांना आणि ताईला विचारून.

बाबा निष्काळजी माणूस नव्हेत. त्यांच्या वडिलांनी त्यांना जेवढं सांगितलं तेवढं ते काटेकोर पाळायचे. एक वाक्य ते नेहमी म्हणायचे, "चापार बोट तेवाच ठेवचा, जेवा समोर काय आसा ता दिसता." हे वाक्य सोन्यासारखं आहे. पण भरलेली ठासणीची बंदूक खुंटीला लावू नये, केप आणि बंदूक एका खोलीत ठेवू नये, आणि नळी रिकामी आहे की नाही हे बघायची एक साधी रीत असते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ज्या सरकारने त्यांच्या चारित्र्याची चौकशी तीन पातळ्यांवर केली, त्या सरकारला हे सांगायला एक दिवस मिळाला नाही.

२०१६: पहिल्यांदा हाताचा प्रश्न

१५ जुलै २०१६ ला केंद्राने शस्त्र नियम नव्याने काढले. त्यात नवा परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण आलं. हत्यार सुरक्षित धरणं, नेणं, झाडणं, निगा राखणं, ठेवणं. शारीरिक-मानसिक प्रकृतीचा डॉक्टरी दाखला आला. घरी हत्यार कुठे आणि कसं ठेवणार, याचं उत्तर द्यावं लागतं.

बाहेर नेण्याचाही नियम स्पष्ट झाला. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर अंगाला लावलेल्या म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकून, आणि आपल्या ताब्यात. मिरवायचं नाही. लग्नात बार काढायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत तर आनंदाच्या भरात निष्काळजी गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं.

१८७८ ते २०१६. हिशेब करा, १३८ वर्षं. एवढ्या काळानंतर परवान्याच्या कागदाने पहिल्यांदा विचारलं, बाबा रे, तुला हे वापरता येतं का?

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याला हे सांगितलं तर हसला. तिथे उलटी गत. १७९१ पासून घटनेतच हक्क. पिस्तूल झाकून नेण्याचा परवाना काढायचा तर चार ते सहा तासांचा वर्ग आणि ५० गोळ्यांची नेमबाजी परीक्षा, तो ती देऊन आला होता. पण सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायच पिस्तूल बाळगून फिरता येतं. म्हणजे वर्ग ज्याला हवा त्याच्यापुरता. त्यांनी हक्क मोठा केला आणि शिकणं ऐच्छिक करून टाकलं. आपण परवानगी मोठी केली आणि शिकवणं विसरलो. दोन टोकांचे दोन देश, पण हाताकडे बघायचं राहिलं दोन्हीकडे.

आणि आता प्रत्यक्षात काय

आता माझा अनुभव. प्रमाणपत्रासाठी पहिल्यांदा एका ठिकाणी चौकशी केली. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. समोरच्या माणसाने आधार कार्डाची प्रत मागितली आणि म्हणाला, "यायची गरज नाही हो, संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन जा." पैसे तेवढेच. मी म्हटलं, मला शिकायचंय. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काहीतरी बेकायदा मागतोय.

मग कोल्हापूरकडच्या एका निवृत्त सुभेदारांचा पत्ता मिळाला. तिथे दोन दिवस गेलो. पहिला अर्धा दिवस एकही बार नाही. त्यांनी एक जुनी ठासणीची बंदूक माझ्या हातात दिली आणि विचारलं, "भरलेली आहे की रिकामी?"

मी केपाची जागा बघितली. म्हटलं, "केप नाही, म्हणजे रिकामी."

"केप नाही म्हणजे केप नाही. नळीत काय आहे ते सांगा."

मला १९८६ ची ती सकाळ आठवली. घामच फुटला.

मग त्यांनी गज हातात घेतला. गजावर दोन खुणा होत्या. गज नळीत तळापर्यंत सोडायचा. रिकामी असेल तर तो पहिल्या खुणेपर्यंत आत जातो. आत दारू-छरे असतील तर तेवढा वर राहतो, दुसऱ्या खुणेवर थांबतो. बस्स. पाच सेकंदांचं काम. अंधारातही अंगठ्याने कळतं.

आणखीही खूप सांगितलं. केप वाजला पण दारू पेटली नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर थांबायचं, लगेच तोंडाशी बघायला जायचं नाही. दारू मापानेच, अंदाजाने नाही. दारूचा डबा उघडा ठेवून भरायचं नाही. राखणीला दोघं असले तर कोण कुठे बसणार हे उजेड असतानाच ठरवायचं आणि मग जागा सोडायची नाही. हे शेवटचं ऐकताना आमच्या पंचक्रोशीतली एक घटना आठवली. रात्री झुडपात हाललं म्हणून बार काढला, ते डुक्कर नव्हतं, सोबतीच होता. पाय गेला त्याचा. अशा गोष्टी कोकणातल्या लोकांना नव्याने सांगायला नकोत.

गजावरच्या दोन खुणा. सरकारी कागदाच्या १३८ वर्षांत कोणी आमच्या वाडीत येऊन एवढं सांगितलं असतं तर!

निवडणूक आणि डुकरं

एक स्थानिक मुद्दा सांगून संपवतो. आपल्याकडे निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. कारण समजण्यासारखं आहे, आणि काही ठिकाणी ते हवंच. पण २०२४ ला बघा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनपर्यंत. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे भात पिकून उभं असण्याचे, कापणीचे दिवस. बंदूक ठाण्यात, डुकरं खाचरात.

पंधराएक वर्षांपूर्वी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगितलं होतं की सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करू नका, छाननी समिती करा, ज्याच्याबाबत कारण आहे त्याची घ्या. प्रत्यक्षात ७९ वर्षांचा म्हातारा शेतकरी ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून एसटीने ठाण्यात जातो आणि पावती घेऊन येतो. छाननी म्हणजे पुन्हा माणूस ओळखण्याचं काम, पण इथे माणसाकडे बघायचंसुद्धा कोणी कष्ट घेत नाही. १८७८ चा संशय अजून उतरलेला नाही.

त्यात आणखी एक गंमत. परवान्यावर लिहिलंय पीक संरक्षण. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही. म्हणजे बंदूक आहे, परवाना आहे, पीक आहे, डुक्कर आहे, आणि शेतकऱ्याने फक्त आवाज काढायचा. बाबांची त्याला हरकत नाही. ते म्हणतात आवाजानेच काम होतं. पण नव्या मुलांना हे कोण समजावणार? परवाना देताना कोणी समजावतं का?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बंदुका वाढवा असं मी म्हणत नाही, कमी झाल्या तर बरंच. पण ज्या आहेत त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि कापणीआधी, एक दिवसाचं खरंखुरं शिबिर घ्या. नव्यांसाठी आणि जुन्यांसाठीही, कारण २०१६ आधीचे हजारो परवाने कोणत्याही शिकवणीशिवाय दिलेले आहेत. आपल्याकडे निवृत्त जवानांची कमी नाही, गावागावांत आहेत. विना-हजेरी प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांकडे जिल्हा प्रशासनाने एकदा बघावं. आणि निवडणुकीत छाननी करायची तर खरी छाननी करा. हे निवेदन मी लिहून ठेवलंय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली कळवा, पुढच्या आठवड्यात एकत्र जाऊन देऊ.

माझा अर्ज अजून मंजूर झालेला नाही, बंदूक बाबांच्याच नावावर आहे. पण कोल्हापूरहून परत आलो त्या संध्याकाळी बाबांना गजाची गोष्ट सांगितली. ते उठले, बंदूक काढली, गज नळीत सोडला आणि तोंडाशी अंगठा धरून थांबले. मी चाकूने तिथे खाच पाडली. मग ठासल्यावर तो कुठे थांबतो त्याची दुसरी.

बाबा दोन्ही खाचांवरून बराच वेळ बोट फिरवत होते. मग वर वाशाकडे बघून एवढंच म्हणाले, "ह्या माका कोणी आदी सांगला असता तर."

तुमच्या घरी ठासणीची बंदूक असेल तर आज रात्रीच ती रिकामी आहे ना बघा. आणि गजावर दोन खुणा करा.